नेडचे कपडे

"कोट दोन आणि माणूस एक," वॉरन म्हणाला, "आणि तोही..."

पुढचं त्यानं गिळलं, कारण आईनं बटाट्याच्या सॅलडचं भांडं त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवलं.

भांडं घरचं नव्हतं. सकाळपासून फोर्टातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, बायका झाकलेली भांडी घेऊन मागच्या दारानं येत होत्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. दुःखाचे दिवस सरले की भांडं ज्याचं त्याच्या घरी परत जावं म्हणून. वॉरनच्या आईनं, अडेल लॉकरिजनं, लष्करी संसाराच्या चाळीस वर्षांत अशी कितीतरी भांडी दुसऱ्यांच्या दारी पोचवली होती. आज तिच्या ओट्यावर जागा उरली नव्हती.

तिच्या धाकट्या मुलाची, नेडची, शवपेटी सकाळच्या गाडीनं ॲरिझोनाहून सॅन अँटोनिओला आली होती. सरावाच्या उड्डाणात त्याचं बॉम्बर धावपट्टीच्या टोकाशी कोसळून जळालं. पेटी उघडायची नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी काय करतात, तेही लष्करी घरांत पोरीबाळींनासुद्धा माहीत असतं. जे उरलं असेल ते लोकरीच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळतात, पिना लावतात, आणि वर पूर्ण गणवेष अंथरतात. कोट, टाय, पँट, छातीवरच्या फिती, सगळं जागच्या जागी, जणू माणूसच निजला आहे. मग झाकण. गाव पेटी बघतं, आतला गणवेष कुणी बघत नाही.

भांडण त्याच गणवेषाचं होतं.

"तो वेस्ट पॉइंटातून लष्कराचा अधिकारी म्हणून बाहेर पडला," टेबलाच्या टोकाशी बसलेले नेडचे वडील, कर्नल लॉकरिज, म्हणाले. "त्याचा तपकिरी कोट वर कपाटात आहे. तो घालून त्यानं शपथ घेतली. तोच जाईल."

"शपथ देशाची असते, कर्नल," नेडची बायको लोइस म्हणाली. "खात्याची नसते."

ती सून म्हणून आली त्या दिवसापासून त्यांना कर्नलच म्हणत होती. दुसरं काही म्हण, असं त्यांनी कधी सुचवलं नव्हतं.

"कॉलेज बोललं," कर्नल वॉरनकडे बघून म्हणाले. सून कॉलेजात शिकलेली, हे त्यांना कायम टोचायचं.

लोइसच्या मांडीवर तिची लेक नॅन चमचा चावत होती. लोइसनं तो काढून घेतला, टोक तपासलं, तिला पावाचा कडक तुकडा दिला, मग तोही काढून घेऊन आधी निम्मा केला. मूल रांगायला लागल्यापासून तिचा एक डोळा कायम त्याच्या तोंडाकडे असे. आणि नेड गेल्यापासून दुसराही.

"निळा कोट माझ्या बॅगेत आहे," ती म्हणाली. "त्याच्या तळावर सगळ्यांत आधी त्यानं शिवून घेतला. शिंप्याकडे रांग होती. हा पहाटे जाऊन उभा राहिला. तुम्ही त्याला कधी कशासाठी रांगेत उभं राहिलेलं पाहिलंय?"

अडेलच्या ओठाचा कोपरा हलला. नेड आणि रांग! लहानपणी चर्चमध्येसुद्धा तो मधूनच घुसायचा.

"शिंपी!" कर्नल म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी वेगळी चूल मांडली यांनी. कायदा केला, सह्या केल्या, बँड वाजवला. आणि दोन वर्षं कमाई काय? कोटाचा रंग! आमच्या तोफखान्याचे डोळे होते हे. आता म्हणतात, आम्हाला स्वतःचं डोकं आहे."

"त्या दिवशी त्यानं तुम्हाला वॉशिंग्टनहून फोन केला होता," लोइस हळू म्हणाली.

हे वाक्य कधीतरी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आज येईल असं वाटलं नव्हतं. कायदा लागू झाला त्या सप्टेंबरात नेड तिथल्या कचेरीत होता. लष्करातून हवाई दल वेगळं काढताना कुठला तळ कुणाचा, कुठली कोठारं कुणाची, असल्या वाटण्या करणाऱ्यांत तो सगळ्यांत धाकटा. संध्याकाळी त्यानं फोन केला आणि ओरडला, "बाबा, आम्ही झालो!" कर्नलनी विचारलं, "काय झालात? अनाथ?" आणि फोन ठेवला.

"मी शेजारी उभी होते," लोइस म्हणाली. "बराच वेळ त्यानं रिसीव्हर कानालाच धरून ठेवला होता. तिकडून काहीच येत नव्हतं, तरी."

कर्नल उठले. खुर्ची मागे सरकवून परत नीट टेबलाशी लावली, कारण घर पेटलं तरी खुर्ची जागेवर लावायची हा त्यांचा नियम होता, आणि निघून गेले.

* * *

वॉरन लोइसला मागच्या पडवीत गाठायला गेला तेव्हा ती नॅनच्या मुठीतून पिकानचं, अक्रोडासारख्या त्या फळाचं, टरफल सोडवत होती. झाडांवरून पिकान पडून पत्र्यावर टकटक वाजत होते.

"बाबांचं काय ते मी समजावतो," तो म्हणाला.

"कुणाला? मला की त्यांना?"

वॉरन हसला. मोठ्या मुलानं जसं वागायचं तसं तो आयुष्यभर वागला होता: तोफखाना, वडलांच्याच ओळखीची पलटण, वडलांच्याच मित्राची मुलगी. बक्षीस म्हणून वयाच्या छत्तिशीत तो मेजर होता. पाच वर्षांनी धाकटा नेड लेफ्टनंट कर्नल. हवाई दलात बढत्या कशा, आभाळातून पडल्यासारख्या. गेल्या ख्रिसमसला नेडनं मिठीच मारली म्हणून बरं, नाहीतर वॉरनला धाकट्या भावाला सलाम ठोकावा लागला असता.

"तुझं क्वार्टर महिन्याभरात काढून घेतील," तो म्हणाला. "तुला आई नाही, वडील नाहीत. भाऊ ओहायोत दोन खोल्यांत. वरची नेडची खोली मोकळी आहे. आई जीव टाकेल पोरीवर. बाबांना फक्त एवढी एक गोष्ट दे. नाहीतरी दिसणार कुणाला आहे?"

"म्हणजे कोटाच्या बदल्यात खोली."

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही लॉकरिज लोक काहीच म्हणत नाही. खुर्च्या जागेवर लावता." मग तिनं विचारलं, "तो कपाटातला कोट पाहिलायस कधी? त्याच्या खांद्यावर काय आहे?"

वॉरनला माहीत होतं. कप्तानाच्या पट्ट्या. नेडनं तो युद्धाच्या सुरुवातीला इथं ठेवला, आईनं डांबरगोळ्या घालून जपला. तपकिरी कोटात नेड पुन्हा कप्तान होणार होता. धाकटा भाऊ धाकट्या जागी.

सकाळपासून आपल्याला कशानं बरं वाटत होतं, ते वॉरनला त्या क्षणी कळलं.

"मी बाबांच्या बाजूनं बोलणार नाही आता," तो म्हणाला.

"माझ्या बाजूनं बोलशील?"

त्यानं पत्र्याकडे पाहिलं. "मी कुणाच्याच बाजूनं बोलणार नाही."

"वा!" लोइस म्हणाली. "तोफखाना तटस्थ."

* * *

लॉकरिजांच्या घरात शेवटचे कपडे पुरुष नेत नाहीत. कर्नलच्या वडलांचे त्यांच्या आजीनं नेले होते, काकांचे काकूनं. ज्या बाईनं गेलेल्याला दारातून शेवटचा निरोप दिला, तिनं कपडे पोचवायचे. लोइस म्हणाली होती की मी नेते, पण नॅनला ताप भरला. दातांचा असेल, पण लोइस तिच्या छातीला कान लावून बसली होती आणि दर थोड्या वेळानं तिचा श्वास मोजत होती.

"मला दे," अडेल म्हणाली.

लोइसनं सासूकडे निरखून पाहिलं. "तुम्ही हाच द्याल?"

"माझा मुलगा आहे तो, लोइस."

"तेच विचारतेय."

"दे."

लोइसनं निळा कोट तिच्या हातांवर ठेवला. बटणं चांदीच्या रंगाची, आरशासारखी पुसलेली. खालच्या बटणाचा दोरा काळा होता. निळा मिळाला नाही म्हणून तिनंच घाईत टाचलेलं. ती त्या बटणावरून अंगठा फिरवत राहिली, मग हात काढून घेतला.

खाली दारात कर्नल उभे होते. तपकिरी कोट कागदात नीट बांधलेला. "हा," ते म्हणाले. "तिला सांगायची गरज नाही. गाडलं की वाद मिटेल."

"तिचाही माझ्यापाशी आहे."

"असू दे. तुला माहीत आहे कुठला ठेवायचा." मग, जवळजवळ विनवून, "अडेल, एवढंच."

दफनाची सोय करणाऱ्या मिस्टर ग्रूनरनी तिला आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं. पेटीसोबत आलेला हवाई दलाचा कप्तान दाराबाहेर थांबला. ग्रूनरनी दोन्ही गणवेष लांब बाकावर शेजारी शेजारी अंथरले आणि हात मागे बांधले.

"कुठला, मॅडम?"

अडेल बाकाकडे बघतच नव्हती. ती पेटीत बघत होती. ब्लँकेट नीट होतं, पिना एका ओळीत. पण ते आखूड होतं. नेड सहा फूट होता, दाराच्या चौकटीला डोकं आपटायचा, आणि ब्लँकेटमधलं ते, शाळेतून येऊन सोफ्यावर झोपलेल्या पोराएवढं होतं.

"एवढंच?" तिनं विचारलं.

ग्रूनरनी ब्लँकेटची कड सारखी केली.

कोट वर ठेवला असता तर बाह्या दोन्ही बाजूंनी लोंबल्या असत्या. एक कोट नवऱ्याचा, एक सुनेचा. या घरात नेडच्या अंगावर कायम कुणीतरी काहीतरी चढवत आलं होतं. आजोबांच्या तलवारीचा लहान पट्टा, शाळेचा गणवेष, पॉइंटाचा करडा, मग तपकिरी, मग निळा. आणि चढवताना कायम म्हणायचे, कसा शोभून दिसतोय.

"दोन्ही नको," ती म्हणाली.

"मॅडम, नियमाप्रमाणे..."

"माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या अंगावर काही नव्हतं. झाकण लावा."

ग्रूनरनी झाकण लावलं. तिनं दोन्ही कोट एकाच पिशवीत कोंबले. घरी येऊन आपल्या खोलीतल्या सीडरच्या लाकडाच्या, कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकले. संध्याकाळी लोइस जिन्यात आडवी आली तेव्हा अडेलनं फक्त होकाराची मान हलवली. थोड्या वेळानं कर्नलनी भुवया वर केल्या, तेव्हाही तिनं तशीच मान हलवली.

* * *

हरलेल्या माणसाशी सभ्यतेनं वागावं, असं जुन्या तोफखान्यात शिकवत. दफनाच्या दिवशी कर्नल लॉकरिज सुनेशी फार सभ्यतेनं वागले.

गाडीतून उतरताना त्यांनी तिला हात दिला. खड्ड्याशी उभं असताना तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. तिनंही ती करू दिली. बिचारी, त्यांच्या मनात आलं. तिला वाटतंय आत निळा आहे.

लोइसनं कधी नव्हे ते त्यांच्या दंडावर हात ठेवला. "उन्हात उभं राहवेल ना तुम्हाला?" तिनं विचारलं. म्हाताऱ्याला वाटतंय आत तपकिरी आहे, असं तिला वाटत होतं. जिंकल्यावर माया करायला काय जातं?

दोघांच्या मध्ये अडेल उभी होती. तिला आपल्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात एवढा गोडवा दिसत होता.

पेटी घोड्यांच्या गाड्यावरून आणायची, हा कर्नलचा हट्ट होता. लष्करातल्या घोड्यांचे दिवस भरत आले होते. फोर्टात गाड्यापुरते घोडे उरले होते. सैनिकांनी पेटी उचलली तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवरून तीन विमानं आली. नेडच्या दोस्तांनी पाठवलेली, खाली, फार खाली. घोडे बिथरले. मागच्या जोडीनं गाडा आडवा ओढला, सैनिक पेटीसह झोक खाऊन सावरले, आणि एकाहत्तर वर्षांचे कर्नल टोपी टाकून धावले आणि त्यांनी पुढच्या घोड्याचा लगाम धरला. "हो, हो, राजा," ते त्याच्या नाकपुड्यांशी पुटपुटत राहिले. विमानं गेली तरी पुटपुटत राहिले. घोडा कधीच शांत झाला होता.

"बघितलंस?" परत येऊन ते वॉरनला म्हणाले. "जनावरालाही कळतं."

"बाबा, ते त्याला निरोप द्यायला आले होते."

"असा? डोक्यावरून?"

वॉरननं त्यांची टोपी उचलून झटकून दिली. झेंडा घड्या घालून लोइसच्या हातात आला. तिनं तो छातीशी धरला आणि कर्नलनी कबरीला सलाम केला, तपकिरी कोटाला, बराच वेळ.

* * *

जेवणं उरकल्यावर पाहुणे पांगले. लोइस वर आली तर नॅन खोलीत नव्हती. जिना, खिडकी, न्हाणीघर, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. मग शेजारच्या खोलीतून खुदकन हसण्याचा आवाज आला.

अडेल पलंगाच्या काठावर डोळे मिटून बसली होती. नॅन जमिनीवर, सीडरच्या पेटीपाशी. पेटीचं झाकण अर्धवट उघडं. पोरीचे गाल फुगलेले.

"तोंडात काय आहे?" लोइस गुडघ्यांवर पडली. तिनं पोरीला पालथं धरलं, बोट आत घातलं, दाढांच्या जागी काहीतरी गोल, कडक लागलं. नॅन ओकारी देऊन रडायला लागली. लोइसच्या तळहातावर लाळेनं माखलेलं चांदीच्या रंगाचं बटण होतं. त्याला काळा दोरा लोंबत होता.

तिनं बटणाकडे पाहिलं. मग पेटीकडे. निळी बाही, तिच्याखाली तपकिरी.

"दोन्ही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मग त्याच्या अंगावर काय आहे?"

"ब्लँकेट," अडेल म्हणाली.

"तुम्ही मान हलवलीत मला."

"त्यांनाही हलवली."

"मला माहीत नव्हतं तुम्ही इतक्या..." रडणाऱ्या पोरीला लोइसनं खांद्यावर टाकलं. "का?"

"तू पाहिलं नाहीस, लोइस. मी पाहिलं. एवढा होता." अडेलनं हात पसरून दाखवलं आणि लगेच मांडीत लपवले. "त्याच्यावर तो कोट, बाह्या लोंबणार... तुम्ही दोघं भांडत होतात आणि तिथं अंगात घालायला कुणी नव्हतंच. म्हटलं, पुरे झालं सगळ्यांनी त्याला सजवणं. जन्मला तसा जाऊ दे."

"तुमचा म्हणून."

"काय?"

"जन्मला तसा, म्हणजे तुमचा म्हणून. लष्कराचा नाही, माझा नाही, तुमचा. तुम्हीही तेच केलंत की! बाकीचं सगळं तुम्ही लोकांनी त्याच्या अंगावर चढवलं, खरंय. पण हा कोट त्यानं स्वतः निवडला. आयुष्यात त्याच्या मनानं घेतलेली ही एकच गोष्ट होती. पहाटे रांगेत उभा राहून. तेवढीच काढून घेतलीत तुम्ही. त्या म्हाताऱ्यानं निदान समोरून मागितली होती."

अडेलचा चेहरा राखेसारखा झाला. लोइसला एक क्षण तिची दया आली, मग नाही आली.

"मी सांगणार आहे त्यांना," ती म्हणाली. "आत्ता."

"सांग," अडेल म्हणाली. "मोडून पडतील. सांग."

कर्नल पुढच्या पडवीत झोपाळ्यावर बसले होते. टाय सैल केलेला. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना असं पाहिलं नव्हतं. पायाशी रिकामी भांडी धुवून, पुसून मांडलेली, चिकटपट्टीवरची नावं वाचून गल्लीच्या क्रमानं लावलेली. ते काम त्यांनी स्वतः केलं होतं.

"पोरीला दे इकडे," ते म्हणाले.

लोइसनं दिली नाही. बटण तिच्या मुठीत होतं. कडा तळहातात रुतत होती.

"वरची खोली पुसून घेतली मी," कर्नल म्हणाले. "त्याची. तिची खिडकी नीट लागत नाही, उद्या जाळी बसवतो. पोर रांगते आता." ते थांबले. "इथंच राहायचं तुम्ही दोघींनी. आता भांडण नाही. भांडायला काही उरलं नाही."

खिडकीला जाळी. चार रात्री पोरीला घेऊन त्याच खोलीत निजताना लोइसला त्या खिडकीमुळं झोप नव्हती. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं.

तिनं तोंड उघडलं. "कर्नल, मला तुम्हाला..."

"एक विचारायचं होतं," ते मध्येच म्हणाले. त्यांची नजर भांड्यांवर होती. "अडेलला विचारलं तर ती रडते. त्याच्या कोटाची बटणं... पुसलेली होती ना? बटणांकडे त्याचं कायम दुर्लक्ष. पॉइंटात शिक्षा व्हायच्या. मी फोनवरून ओरडायचो. फोनवर मी त्याला नेहमी..." त्यांनी पायाशी असलेलं एक भांडं उचललं आणि परत त्याच जागेवर ठेवलं. "पितळ काळं पडलं असेल एवढ्या वर्षांत. मी बघायला हवं होतं. तसाच बांधून दिला."

आत कुठेतरी वॉरन ग्लास धूत होता. पत्र्यावर एक पिकान पडला, गडगडला.

लोइसनं त्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. मग कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे, जो ओहायोच्या दोन खोल्यांकडे जात होता. मग नॅनच्या ओल्या गालाकडे.

"चकाकत होती," ती म्हणाली. "मी पुसली होती."

त्यांनी वर पाहिलं. "तू? त्या कोटाची?"

"हो."

कर्नलनी झोपाळ्यावर बाजूला सरकून जागा केली आणि त्या जागेवर दोनदा थोपटलं. "कर्नल म्हणायचं बंद कर आता," ते म्हणाले. "बाबा म्हण."

लोइस त्यांच्या शेजारी बसली.

"बरं, बाबा."

नॅननं आईच्या मुठीत काहीतरी आहे हे ओळखलं आणि एकेक बोट उचकटायला सुरुवात केली. लोइसनं मूठ आणखी आवळली.